लिंबू लावून उन्हात बसायचं नाही: ‘केस वाचवा’ मेसेजला उत्तर

“मामी, मी लिंबूच तर लावलं होतं गं.” मंगळवारी सकाळी भाचीचा फोन आला तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. लगोलग लोकमान्य नगरला नणंदेकडे गेले. पोरीच्या भांगाच्या रेषेत लाल पट्टा, कपाळावर केसांच्या कडेला पाण्याने भरलेले दोन फोड, आणि कानामागून मानेपर्यंत एक तपकिरी ओघळ. रस जिथून जिथून वाहिला होता, तिथली कातडी भाजली होती. रविवारी सकाळी ती अर्धा तास गच्चीवर बसली होती, कारण घरच्या ग्रुपवर तसा मेसेज आला होता. पाठवला होता आमच्या काकूंनी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंनी. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण हा मेसेज गेले पंधरा दिवस इंदूरच्या निम्म्या मराठी घरांत फिरतोय, मला स्वतःला तो तीन ठिकाणांहून आला, आणि आता गप्प बसवत नाही.

मेसेजमध्ये म्हटलंय ते असं: लिंबाची फोड टाळूवर घासून अर्धा तास उन्हात बसा, ऊन लिंबाला ‘जागं’ करतं आणि कोंडा मुळासकट जातो. खोबरेल तेल थापून बाहेर पडा, ते नैसर्गिक सनस्क्रीन आहे. स्कार्फ बांधू नका, केस गुदमरतात. बोरिंगच्या पाण्याने टक्कल पडतं. उन्हाळाभर शाम्पू बंद, घामाने टाळू आपोआप धुतली जाते, फार तर खाण्याचा सोडा लावा. आणि लहान मुलांचं मुंडण करा, केस दाट येतात.

आधी लिंबू, कारण बाकी मुद्द्यांनी केस बिघडतील, याने माणूस भाजतो.

ऊन लिंबाला जागं करतं हे खरं आहे, आणि तेच भयंकर आहे. आपल्या कागदी लिंबात, रसापेक्षाही सालीत जास्त, सोरालेन जातीची द्रव्यं असतात. ती नुसती कातडीला लागली तर काही होत नाही. पण त्यावर उन्हातले अतिनील ‘अ’ किरण पडले की ती पेशींच्या डीएनएला चिकटतात आणि त्या पेशी मरतात. मेसेजमध्ये तर लिंबाची फोड सालीसकट घासायला सांगितली आहे, म्हणजे सालीतलं तेलही पिळून निघणार. जळजळ लगेच होत नाही, दीड-दोन दिवसांनी फोड येतात. म्हणून तर पोरीला रविवारच्या लिंबाचा आणि सोमवारी रात्रीच्या आगीचा संबंधच लागेना. ‘नवीन उशीची अॅलर्जी असेल’ असं नणंद म्हणत होती. ही अॅलर्जी नाही. पुरेसा रस आणि पुरेसं ऊन मिळालं तर हे तुम्हाला, मला, कुणालाही होऊ शकतं. फोड बसले तरी काळे डाग कित्येक आठवडे, कधी काही महिने राहतात. आणि ‘सकाळचं कोवळं ऊन होतं’ हे मला कुणी सांगू नका. मे महिन्यात मालव्यात नऊ वाजता कोवळं ऊन नसतं, आणि हे ‘अ’ किरण दिवसभर असतात, खिडकीच्या काचेतूनही बरेचसे आत येतात.

मेसेजच्या शेवटी ‘आपल्या पूर्वजांचं ज्ञान’ असं लिहिलंय. तर पूर्वजांचंच ऐकू या. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, कुष्ठाच्या अध्यायात, श्वित्रावर म्हणजे कोडावर उपचार आहे. त्यात वनस्पतीचा रस देऊन रोग्याला सोसेल तेवढं ऊन द्यायला सांगितलंय, आणि मग डागांवर जे फोड उठतील ते काट्याने फोडायला. कोडावर वैद्य बावची वापरत आले, तिच्यातही सोरालेन आहे. ‘सोरालेन’ हे नावच बावचीच्या शास्त्रीय नावावरून आलंय. आज त्वचारोगतज्ज्ञ सोरालेनची मात्रा मोजून, यंत्राने किरण मोजून, रोग्याचे डोळे झाकून तोच उपचार करतात. म्हणजे अमुक रस आणि ऊन एकत्र आले की फोड उठतात हे आपल्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते रोगावर, नजरेखाली वापरलं. निरोगी पोरीच्या टाळूवर अर्धं लिंबू घासून तिला गच्चीवर बसवा, हे कुठल्या पूर्वजाने सांगितलं?

हे फक्त केसांपुरतं नाही. लोणच्यासाठी शंभर लिंबं गच्चीवर बसून चिरता ना? हात साबणाने धुतल्याशिवाय उन्हात थांबू नका. टाळूला रस लागून ऊन झालंच असेल तर लगेच साबणाने धुवा, पुढचे दोन-तीन दिवस तो भाग झाका, फोड आले तर फोडू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

खोबरेल तेलाबद्दल थोडं मान्य करते, नाइलाजाने. २००३ मध्ये मुंबईतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांचा अभ्यास ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये आला. मिनरल ऑइल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल तपासलं, तर केसातलं प्रथिन धुऊन जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. संशोधक खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतले होते हेही लक्षात ठेवा, पण निष्कर्ष मला पटतो. मात्र त्याचा अर्थ आजीच्या सवयीइतकाच: न्हाण्याआधी तेल लावा, मग धुवा. ते लावून दुपारी राजवाड्यावर हिंडा, असा नाही. प्रयोगशाळेत खोबरेलाचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून वाचवण्याचं माप, सात-आठच्या आसपास भरल्याचं प्रसिद्ध आहे, पण डॉक्टर निदान तीसचा सांगतात. तेलकट डोक्यावर धूळ बसते ती वेगळीच. आणि ज्याला कोंडा आहे त्याच्या टाळूवर तेल मुरवत ठेवू नका. कोंड्यामागे जी मॅलेसेझिया नावाची बुरशी असते, ती टाळूच्या स्निग्धावरच जगते.

स्कार्फचा मुद्दा वाचून तर मी हात टेकले. केस श्वास घेत नाहीत. टाळूबाहेरचा केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, तेही मेलेलं. मुळाला प्राणवायू लागतो, तो रक्तातून मिळतो. भंवरकुआंला क्लासला जाणाऱ्या मुली दुपारी डोकं-तोंड सुती स्कार्फने गुंडाळून गाडीवर बसतात, तेच बरोबर आहे. ऊन केसातली प्रथिनं तोडतं, रंग उडवतं, आणि भांगाची कातडी सरळ भाजते. पांढऱ्या केसांत रंगद्रव्य नसतं, त्यांना ऊन जास्त बाधतं, म्हणून आम्हा बायकांनी तर पदर घ्यावाच. स्कार्फ रोज धुवायचा, घामाने भिजला की सोडून वाळवायचा. एवढंच पथ्य.

बोरिंगच्या पाण्याची तक्रार अर्धी खरी. मालव्याच्या काळ्या खडकातलं पाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही, क्षारांचा थर केसांवर बसतो, केस राठ होतात आणि मधेच तुटतात. नर्मदेचं पाणी येईल त्या दिवशी दोन तांबे शेवटच्या धुण्याला राखून ठेवले तर फरक कळतो. पण मुळापासून पुंजके येत असतील तर बोरिंगला दोष देत बसू नका. दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप येऊन गेला होता का ते आठवा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं मात्र साधं आहे.

शाम्पू बंद करू नका. घाम हे मिठाचं पाणी, त्याने टाळू स्वच्छ होत नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा धुवा. सोड्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, आठच्या वर, टाळूचा साडेपाच, म्हणून तो केसांना राठ करतो. मुंडणाने केस दाट होत नाहीत, मूळ कातडीच्या आत असतं आणि वस्तरा वर फिरतो. जावळ संस्कार म्हणून काढायचं तर जरूर काढा, पण मग त्या उघड्या डोक्यावर टोपडं घाला.

काकूंना त्याच दिवशी फोन केला. त्या ऐकून फार कळवळल्या. मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला गेल्या, तर तो पर्याय येईचना, मुदत उलटून गेली होती. तेव्हा तो आमच्या ग्रुपवर अजून आहे, आणि तिथून किती जणांनी पुढे पाठवला कोण जाणे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आपापल्या ग्रुपवर त्याच्याखाली आजच लिहा: पहिला मुद्दा करू नका, आमच्याकडे एक मुलगी भाजली आहे.