उलटीची गोळी आणि थॅलिडोमाइडचा बागुलबुवा

'पहिल्या तीन महिन्यांत उलटीची कुठलीच गोळी नको, बाळात व्यंग येतं. थॅलिडोमाइड आठवा. उलट्या होतात म्हणजे बाळ ठणठणीत आहे, आलं-लिंबू पुरे.' दिवस गेल्याची बातमी फुटायचा अवकाश, हा मेसेज आधी मावशीकडून येतो, मग सासूबाईंकडून.

यातलं थॅलिडोमाइड खरं आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ते झोपेचं औषध म्हणून आलं, गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं गेलं. १९६१च्या अखेरीस तिथे ते मागे घेतलं, तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं त्याच्यापायी व्यंग घेऊन जन्माला आली. पण आपल्याकडे डॉक्टर सहसा आधी लिहून देतात ती गोळी डॉक्सिलामाइन हे औषध आणि बी-६ जीवनसत्त्व यांची. तिचा थॅलिडोमाइडशी काडीचा संबंध नाही.

शिवाय तिच्यावर खटला चालवून झालेला आहे, तोही एक नव्हे. अमेरिकेत ती १९५६ पासून बेंडेक्टिन नावाने मिळायची. व्यंगांचे दावे इतके लागले की १९८३ मध्ये कंपनीनेच विक्री थांबवली. गोळी गेली, व्यंगांचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. वाढल्या त्या उलट्यांपायी इस्पितळात भरती होणाऱ्या बायका. २०१३ मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, तेच मिश्रण नव्या नावाने मंजूर केलं. यातली गंमत अशी, की थॅलिडोमाइडबद्दल सगळ्यात आधी सावध करणाऱ्यांपैकी एक, ऑस्ट्रेलियाचे डॉ. विल्यम मॅकब्राइड, पुढे या गोळीविरुद्धही साक्षी देत होते. दुसऱ्याच एका औषधाच्या प्रयोगात आकडे फिरवल्याबद्दल १९९३ मध्ये त्यांची डॉक्टर म्हणून असलेली नोंदणी रद्द झाली.

'कुठलीच नको' हे चूक, तसं 'कुठलीही चालेल' हेही चूकच. ऑन्डान्सेट्रॉन या उलटीवरच्या दुसऱ्या गोळीचंच उदाहरण बघा. २०१८ साली अमेरिकेतल्या अठरा लाख गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पहिल्या तिमाहीत ती घेतलेल्यांत ओठ किंवा टाळू दुभंगलेली बाळं दर दहा हजारांमागे साधारण तीन जास्त दिसली. हृदयाच्या व्यंगांत वाढ दिसली नाही. म्हणून ती बहुधा पहिल्या फटक्यात देत नाहीत, पण उलट्या आवरतच नसतील तर देतात. मेडिकलवाल्याकडून परस्पर आणायची ही गोळी नव्हे.

उलट्या होणाऱ्यांत गर्भपाताचं प्रमाण काहीसं कमी दिसतं, हेही खरं. पण म्हणून गोळीने मळमळ थांबली की बाळाचं काही बिघडतं, असं नाही. आणि ज्यांना मळमळच होत नाही, त्यांना उगाच घोर कशाला?

आल्याने साध्या मळमळीला थोडा उतार पडतो, खुशाल घ्या. पण घोटभर पाणीही पोटात ठरत नसेल, वजन उतरत असेल, लघवी गडद होऊन आठ-आठ तास होत नसेल, तर हे 'कडक डोहाळे' म्हणून सोसायचं दुखणं नाही. सरळ इस्पितळ गाठायचं. बरेच दिवस अन्न टिकलेलं नसेल तर ग्लुकोजची बाटली चढवण्याआधी बी-१ जीवनसत्त्व दिलंय का, हे सोबतच्या माणसाने विचारावं. बी-१ संपलेल्या अंगात नुसतं ग्लुकोज गेलं, तर मेंदूला इजा होऊ शकते.