अजून एक शीट

खरं म्हणजे मला कुत्रा चावला नाही. शेजाऱ्यांचा बंड्या नुसता पोटरीला दात लावून गेला, तोही मी बांगडा मासळीची पिशवी सोडेना म्हणून. पण बायकोने साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली पाय धरायला लावला (बरोबरच होतं तिचं, पहिला उपचार तोच) आणि लगेच सरकारी दवाखान्यात पिटाळलं. गावाचं नाव सांगत नाही. मालवण आणि देवगडच्या मध्ये कुठेतरी समजा. मला अजून त्याच दवाखान्यात जायचं आहे.

15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर फुकट झाला. सुट्ट्या पैशांची भांडणं मिटली, रांग मात्र राहिली, कारण शून्य रुपयांचीसुद्धा नोंद व्हावी लागते. खिडकीतल्या मुलाने ‘आभा’चा, म्हणजे सरकारी आरोग्य-खात्याचा, 14 आकडी नंबर मागितला.

“नाही. सक्तीचा आहे का?”

“सक्ती नाही काका. पण त्याशिवाय आमची सिस्टीम पुढे सरकत नाही.”

काढायचं ठरलं. ओटीपी आला, तो थेट डोंबिवलीला. आमच्याकडे माणसं गावात आणि मोबाईल नंबर मुंबईत, अशी पद्धत आहे. माझं आधार धाकट्या भावाच्या फोनला बांधलेलं. तो लोकलमध्ये लोंबकळत होता. खिडकीवरच्या फोनवरून मी म्हणालो, “अरे, ओटीपी सांग.” त्याने फोन कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्या वेळी त्याने मला आजोबांचं नाव विचारलं, मग आजीचं माहेर. खात्री पटून आकडे सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपली होती.

असो. दीड तासाने सिस्टरांसमोर पोचलो.

“रक्त आलं होतं?”

“नाही, ओरखडा आहे.”

“दुसरी कॅटेगरी,” म्हणत त्यांनी लिहिलं. कॉलेजनंतर प्रथमच मला सेकंड क्लास मिळाला. नशिबाने रेबीजच्या लसीची एक बाटली आधीच फोडलेली होती, त्यामुळे दोन्ही दंडांत एकेक टोचून मोकळा झालो. पुढच्या तारखा तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. शिवाय कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. तेव्हापासून बंड्या रोज आमच्या पडवीत येऊन बसतो. मी त्याच्याकडे बघतो, तो माझ्या ताटाकडे.

तिसरा दिवस नेमका रविवारी येत होता.

“कुत्र्यांना वार कळत नाहीत,” सिस्टर म्हणाल्या. “सोमवारी या.”

सोमवारी गेलो तर आमची ओळख पाचाच्या पाढ्याशी झाली. बाटली एक मिलीची. एका माणसाला एका दंडात 0.1 आणि दुसऱ्यात 0.1, म्हणजे एका बाटलीत पाच जण. एकदा फोडली की काही तासांत संपवायची, उरलं तर फेकायचं, आणि फेकलं तर वर उत्तर द्यायचं. बाकावर आम्ही चौघं. मी, आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार, एक कॉलेजकुमार आणि आजीबरोबर आलेला तिचा नातू.

“अजून एक शीट!” कॉलेजकुमार स्टँडवरच्या रिक्षावाल्याच्या आवाजात म्हणाला. हसलं कोणीच नाही, कारण हिशोब तोच होता. भरल्याशिवाय गाडी सुटणार नव्हती.

सिस्टरांचा राग येईना. त्या दर पाच मिनिटांनी फ्रीजपर्यंत जात, हँडलला हात लावत आणि फाटकाकडे बघून परत येत. बारा वाजले. ओपीडी साडेबाराला बंद. आजीला राहवेना.

“बाय माझे, आमच्या वाडीत एक कुत्रो असा, दिसलो तेका चावता. फोन करून सोडूक सांगू काय?”

सिस्टर “नको” म्हणाल्या, पण जरा थांबून.

बारा वाजून दहा मिनिटांनी फाटकातून एक स्कूटर आत शिरली. चालवणाऱ्याच्या मनगटाला रुमाल गुंडाळलेला. आम्ही चौघंही उठून उभे राहिलो. लग्नात नवऱ्यामुलाच्या स्वागतालाही मी इतक्या तत्परतेने उठलेलो नाही.

“कुत्रा?” मी विचारलं. आवाजातली आशा लपवता आली नाही.

“नाय ओ. मांजर.”

बाकावर सुतक पसरलं. पाचही जणांनी सिस्टरांकडे पाहिलं.

“मांजर चालतं,” त्या म्हणाल्या आणि फ्रीज उघडला.