मडफ्लॅप रस्त्याला टेकेल इतका लांब लावायचा? नाही!

सध्या एक मेसेज फिरतोय की सेमी-ट्रकला (ट्रेलर ओढणाऱ्या मोठ्या ट्रकला) मडफ्लॅप, म्हणजे चिखल अडवायला चाकामागे लटकवलेला पडदा, जितका लांब तितका चांगला, अगदी रस्त्याला घासला तरी चालेल. कृपया असं करू नका. रिव्हर्स घेताना लांब फ्लॅप मागच्या टायरखाली सापडतो, आणि मग नुसता रबर फाटत नाही तर फ्लॅप धरणारा ब्रॅकेट पण वाकतो नाहीतर बोल्टसकट उपटून येतो. खाली थोडी गॅप हवीच, आणि ती माल भरलेला असताना मोजायची, कारण पाट्याची स्प्रिंग असेल तर लोड पडल्यावर गाडी बसते, रिकाम्या गाडीवर बरोबर दिसणारा फ्लॅप मग खाली टेकतो. फार वर कापला तरी चिखल-खडी मागून येणाऱ्या गाडीच्या काचेवर, त्यामुळे आपल्याकडचा नियम बघूनच उंची ठरवा.

रुंदी जोडटायर (शेजारी-शेजारी बसवलेले दोन टायर) पूर्ण झाकेल इतकी, साधारण 24 इंच. टायरला अगदी चिकटवून लावू नका. आणि बोल्टखाली मोठा वॉशर किंवा लोखंडी पट्टी टाकाच, नुसत्या बोल्टने भोकापासूनच चीर जाते. कडाक्याच्या थंडीत स्वस्त प्लास्टिक तडकतं, तिथे मी तरी रबरच घेईन, जड असला तरी.