बाटलीचा वाद आणि आईची खुर्ची

पुण्यात मावसबहिणीचं बाळ ३१व्या आठवड्यातच झालं आणि व्हॉट्सॲपवर घरात दोन तट पडले. थोरली मावशी म्हणते, बाटली लावा, किती मिली गेलं ते तरी कळतं, वजन वाढलं की सुट्टी. धाकटी म्हणते, बाटली लागली की अंगावर घेत नाहीत, वाटी-चमच्यानंच पाजा. मी स्वीडनमध्ये नवजात विभागात काम करते, म्हणून निवाडा माझ्याकडे.

धाकटी मावशी बरोबर आहे. बाटली टाळली तर घरी जाताना अंगावर पिणारी मुलं जास्त असतात. इथेही नाकातून पोटात घातलेल्या नळीवरून थेट अंगावर, मध्ये लागलाच तर छोटा कप. पण आपल्याकडे वाटी-चमचा जुनाच, बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा १९९२चा, आणि मुंबईत शीवच्या रुग्णालयात आईच्या दुधाची पेढी १९८९ पासून आहे. भांड्याबाबत स्वीडनला विचारायची गरजच नाही.

चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. सराव मात्र आधीपासून. आई दूध काढून घेते, म्हणजे धार येऊन ठसका लागत नाही, आणि गालाला नळी चिकटवलेलं बाळ उघड्या छातीवर घेते. आधी ते नुसतं चाटतं. मग कधीतरी दोनदा ओढतं, थांबतं, दम खातं. मॉनिटरवर ऑक्सिजन घसरला की आपणही थांबायचं, कोंबायचं नाही. तेवढ्यात नळीतून दूध पोटात जात असतं. इथे दिवसरात्र हे चालतं, कारण आईचा पलंग त्याच खोलीत असतो. बापालाही त्या दिवसांचा भत्ता मिळतो.

माझ्या बहिणीला मात्र ठरलेल्या वेळी थोडा वेळ आत सोडतात. कारण काय, तर जंतुसंसर्ग. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं, जन्मल्यापासूनच आईच्या छातीवर ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. संसर्गाचा संशयही कमी बाळांत आला. सरकारी नवजात कक्षांत आईबापांना सामील करून घ्या, अशा सूचना केंद्रानं २०१७ मध्येच दिल्या आहेत. स्वीडनकडे पैसा आहे, गर्दी नाही, हे कबूल. पण एका नर्सकडे इतकी बाळं असताना आईला दाराबाहेर बसवणं तर आणखीच उफराटं.

म्हणून ग्रुपवर लिहिलं: बाटलीचं नंतर बघू. आधी डॉक्टरांना विचारा, तिला रात्रीसुद्धा आत बसू द्याल का?