तांदूळ आणि डाळसुद्धा संशोधनच आहे

तुमच्या लेखात वर्षभरातल्या वैद्यकीय संशोधनाचा आढावा छान घेतलाय. पण सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनमुळे हृदयविकाराचा धोका '२० टक्क्यांनी घटला' एवढंच लिहून सोडलंत, ते खटकलं. त्या चाचणीत सव्वातीन वर्षांत हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने मृत्यू आला तो औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ८ टक्के लोकांना, औषधवाल्यांपैकी साडेसहा टक्क्यांना. म्हणजे शंभरात दीड माणूस यातून वाचला. फायदा खराच, पण हा आकडा दिला असता तर वाचकाला खर्चाचा हिशेब तरी करता आला असता. शिवाय चाचणीतले ते सगळे आधीच हृदयरोगी, स्ट्रोक येऊन गेलेले किंवा हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले होते. नुसतं पोट सुटलेल्यांनी लगेच हुरळून जाऊ नये!

आणि क्षयरोग आणि आहारावरचा झारखंडचा 'राशन्स' अभ्यास कसा सुटला? २०२३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलाय. एका गटात रुग्णाबरोबरच त्याच्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसालाही महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. तुलनेच्या गटात फक्त रुग्णाला शिधा. पहिल्या गटातल्या घरच्यांमध्ये नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी. (हीही वरच्या २० टक्क्यांसारखी तुलनात्मक टक्केवारीच, मान्य. पण इथे औषध म्हणजे डाळभात.) पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यूही कमी.

क्षयरुग्णांच्या आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून मिळणारे महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, पण ते रुग्णाला. घरच्यांच्या शिध्याची पिशवी अजून देणगीदार निक्षय मित्रांच्या भरवशावर. यावर लिहा की कधीतरी.