ग्राहकाच्या म्हणण्यानुसार

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने जॉब कार्डावर तक्रारीच्या रकान्यात टाइप केलं, 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी पुढे जात नाही.' ग्राहकाच्या म्हणण्यानुसार! म्हणजे गाडीचं म्हणणं वेगळं असू शकतं, आणि मी तसा थापाड्याच दिसतो. चार दिवस झाले, ते दोन शब्द अजून घशात अडकलेत.

झालं ते एवढंच. सिग्नल हिरवा झाला, मी पाय दाबला, गाडी ढिम्म. एसी गार हवा सोडतोय, गाणं वाजतंय, बॅटरी 71 टक्के, आणि समोरच्या पडद्यावर एक पिवळं कासव उगवलेलं. हे कासव म्हणजे 'ताकद कमी केली आहे' अशी सूचना. गोष्टीतलं कासव निदान चालत तरी होतं.

'डी'तून (ड्राइव्ह) 'एन' (न्यूट्रल), 'एन'मधून परत 'डी', सगळं झालं. पायाखालची मॅट पेडलमध्ये अडकली असेल म्हणून ती उपसून मागच्या सीटवर भिरकावली. शेवटी उतरून चार्जिंगची केबल मागे लोंबत नाही ना, तेही पाहिलं. केबल लावलेली असली की या गाड्या जागच्या हलत नाहीत, हे मला पाठ आहे. मग केबलसकट मी सिग्नलपर्यंत आलो कसा असतो, हे मात्र त्या हॉर्नच्या गदारोळात सुचलं नाही.

आणि तेव्हाच काका अवतरले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री. छत्रीच्या टोकाने त्यांनी काचेवर टकटक केलं.

"चोक द्या."

"काका, इलेक्ट्रिक आहे."

"बरं. मग सेकंडला टाका, मागून धक्का देतो, क्लच सोडा."

"क्लच नाहीये. गिअरसुद्धा एकच आहे."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की गिअर मीच कुठेतरी हरवून आलोय. त्यांनी बॉनेटला कान लावला. बराच वेळ ऐकलं. "आवाज येत नाही," त्यांनी निदान केलं.

"आवाज येतच नाही हिचा. चालू असली तरी."

"मग चालू आहे हे कळतं कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता. या गाड्यांत 'रेडी' असा दिवा लागतो, त्यावरून कळतं. तो लागलाही होता. गाडी रेडी, मी रेडी, काका तर कधीचे रेडी. फक्त पुढे जायला कुणी तयार नव्हतं.

"बॉनेट उघडा." उघडलं. आत काळं, गुळगुळीत प्लॅस्टिकचं झाकण. काकांनी छत्रीने ते ठोकलं, वाकून पाहिलं, आणि जमलेल्या सात-आठ जणांकडे वळून जाहीर केलं, "ह्यांच्या गाडीत इंजिनच नाही!"

गर्दीतून खरोखर हळहळ उमटली.

मग त्यांनी मला बाजूला करून स्वतः सीटवर बसून पेडल भात्यासारखं दहा वेळा दाबलं. "हे नुसतंच खालीवर होतंय. ह्याला पुढे काही बांधलेलंच नाही!"

राग येतो तो याचाच, की माणूस बरोबर बोलत होता. बांधलेलं नसतंच. पूर्वी पाय दाबला की तार ओढली जायची आणि इंजिनला ऐकावंच लागायचं. आता माझा पाय फक्त अर्ज करतो. पेडलपाशी सेन्सर नावाचे दोन कारकून बसलेले असतात. पाय किती दाबला ते दोघंही आपापल्या तारेने कंट्रोलरला, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतात. बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं ठेवतात, म्हणजे दोघांनी मिळून एकच खोटं सांगायची सोय नको. दोघांचा मेळ बसला तर अर्ज मंजूर. नाही बसला तर फाइल अडली, मोटरला ताकद बंद. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत विद्यार्थी गाड्या बांधतात, तिथे नियमच आहे: दोन सेन्सरमध्ये पेडलच्या 10 टक्क्यांहून जास्त फरक 100 मिलिसेकंदांहून जास्त टिकला, की ताकद तोडायची. योग्यच आहे. आपोआप सुटणाऱ्या गाडीपेक्षा अडून बसलेली बरी. पण मग पडद्यावर लिहा ना, की बाबा रे, पेडलच्या सेन्सरचं भांडण आहे! एवढा हातभर पडदा, त्यावर गाण्याच्या गायिकेचा फोटो दिसतो. आणि बिघाड झाला की कासव.

'एन'वर टाकून चौघांनी गाडी कडेला ढकलली. हेल्पलाइनवरचा मुलगा अतिशय गोड आवाजात म्हणाला, "सर, गाडी बंद करा, लॉक करा, किल्ली घेऊन लांब जाऊन थांबा. दहा मिनिटांनी या." स्वतःच्या गाडीपासून लांब जाऊन, तिला आपली चाहूल लागू नये अशा बेताने, मी झाडाआड उभा राहिलो. शेजारी काका. "झोपली का?" ते दर मिनिटाला कुजबुजत विचारत होते.

दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. कासव गायब. सुळकन पुढे गेली.

"बघा," काका गर्दीला म्हणाले, "धक्क्यानेच झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, तर पी 2138 हा कोड निघाला: पेडलच्या दोन सेन्सरच्या व्होल्टेजचा मेळ नाही. पेडलच्या वरच्या प्लगची एक पिन हिरवट पडली होती. पोराने ती घासून, फुंकर मारून परत खोचली. पुरावा मिळाला, तरी 'म्हणण्यानुसार' काही खोडलं नाही. मी सांगून पाहिलं. सिस्टिममध्ये ते आपोआप येतं म्हणे.

काल परत त्याच सिग्नलला थांबलो होतो. काकांनी गाडी ओळखली. हिरवा दिवा लागला, मी पाय दाबला, गाडी निघाली. आरशात पाहिलं, तर छत्री काखेत मारून काका दोन्ही हात डिकीला लावून मागून चार पावलं पळत होते.