गाडी सुटते कुणाच्या सहीनं?

भाच्याला चाकणला नोकरी मिळतेय. बी.कॉम. झालाय, टॅली येतं, मराठी टायपिंगचा ३० चा दाखला आहे. पद 'डिस्पॅच असिस्टंट', म्हणजे कारखान्यातून माल रवाना करताना लागणारे कागद बघणारा. नोकरी कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर, म्हणजे कंपनीची नाही, ठेकेदाराची. हातात पंधरा हजार आठशे. "मामा, घेऊ का?" असं त्यानं परवा फोनवर विचारलं आणि मला पटकन हो म्हणता आलं नाही. मी २००३ पासून याच टेबलावर बसतोय. त्याला जे सांगितलं ते इथं लिहितोय, कारण त्याच्यासारखी शेकडो मुलं या पट्ट्यात रोज असे फॉर्म भरताहेत.

मी लागलो तेव्हा डिस्पॅचला आम्ही चौघं होतो. एक जण एक्साइजचं बिल करायचा, तीन प्रतींत: खरेदीदाराची, ट्रान्सपोर्टरची आणि आपली. दुसरा चलन आणि गेटपास लिहायचा. तिसरा जकातीचे कागद बघायचा, चौथा पोच गोळा करत फिरायचा. २०१३ ला पुणे-पिंपरीची जकात गेली, जुलै २०१७ ला जीएसटी आला, एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल, म्हणजे गाडीतल्या मालासोबत लागणारा ऑनलाइन काढलेला कागद. मग ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल. ते ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांपासून सुरू झालं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींपर्यंत उतरलं, म्हणजे भोसरीतले मध्यम वर्कशॉपवालेही त्यात आले. आज त्या चौघांच्या जागी मी आणि हाताखाली कॉन्ट्रॅक्टचा एक मुलगा.

यावरून लोक म्हणतात, संगणकानं क्लार्कचं काम संपवलं. लिहिण्याचं काम संपलं, हे खरंच आहे. नुसती डेटा एंट्री करणाऱ्याला पुढं जागा नाही, हे मी भाच्याला स्पष्ट सांगितलं. पण निस्तरायचं काम वाढलंय, आणि ते कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

मागच्या पावसाळ्यात तमिळनाडूत होसूरला निघालेली आमची गाडी रात्री अडीचला बंद पडली. ड्रायव्हरचा फोन मलाच. दुसरी गाडी मिळवायची, माल तिच्यात भरून घ्यायचा आणि नव्या गाडीचा नंबर ई-वे बिलाच्या पार्ट-बी मध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलाच्या भागात, टाकल्याशिवाय ती हलू द्यायची नाही. बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, तीही डोक्यात ठेवायची. कागद चुकीचे सापडून माल अडकला तर दंड कराच्या दुप्पट. दहा लाखांचा माल, १८ टक्के कर, म्हणजे तीन लाख साठ हजार. आणि तिकडं माल पोचला नाही तर समोरच्या कारखान्याची लाइन थांबते. घरातल्या अंधारात मोबाइलवर हे सगळं करताना मी झोपलेल्या मुलीकडं बघत होतो. या रात्रीचा ओव्हरटाइम नसतो, कारण मी 'स्टाफ' आहे.

आता पगार. सुरुवात ३,२०० वर झाली. आज बावीस वर्षांनंतर हातात चोवीस हजार येतात. नवीन मुलगा किमान वेतनाच्या रेषेला चिकटून लागतो आणि जानेवारी-जुलैला महागाई भत्ता सरकला तेवढाच सरकतो. ती त्याची वाढ नव्हेच, ती महागाईची भरपाई आहे.

मधल्या एका गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, त्याची पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,०००. माझा पगार ती ओलांडून आठशेनं वाढला आणि पुढच्या हप्त्यानंतर ईएसआय सुटलं. आईची बीपी-शुगरची औषधं तिथूनच यायची. वाढीपेक्षा औषधांचा खर्च जास्त झाला. आईला मी बरेच दिवस सांगितलंच नव्हतं. पीएफचंही तसंच. २०१४ ला १५,००० पगाराची मर्यादा ठरली आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथंच राहिली. तीस वर्षं नोकरी केली तरी त्या हिशेबानं पेन्शन साडेसहा-सात हजार.

आमच्या गेटवर गाडी सुटताना तिघं उभे असतात. माल भरणारा हमाल, गेटवरचा सिक्युरिटी आणि कागद हातात घेतलेला मी. हमालासाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला. सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आणि मंडळ आहे. ते प्रत्येकापर्यंत पोचत नाहीत, हे मी रोज बघतो. पण त्यांना दाद मागायला एक दार तरी आहे, आणि ते त्यांनी भांडून उघडलंय. टेबलावर बसणाऱ्याचं म्हणावं असं काहीच नाही. आपण स्वतःला साहेबांच्या बाजूचे समजत राहिलो आणि कधी एकत्र आलोच नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सरकारी लिपिक-टंकलेखकाचा मूळ पगारच १९,९०० पासून सुरू होतो, वर भत्ते. म्हणून मुलं पाच-पाच वर्षं अभ्यासिकेत काढतात. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

भाच्याला म्हटलं, घे नोकरी, पण दीड-दोन वर्षांसाठी. तेवढ्यात एसएपी या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचं डिस्पॅच मॉड्यूल, ई-वे बिल आणि एक्सेल पक्कं कर, आणि मग ऑन रोल, म्हणजे थेट कंपनीची, जागा शोध. सही करण्याआधी पदाचं नाव वाच. नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता लागू झाल्यात, नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, ते लेखी माग. त्यावर 'हेल्पर' लिहिलेलं असेल तर बदलून घे. कारण हेल्पर म्हटलं की अकुशल, आणि अकुशल म्हटलं की पगार तिथंच अडकला. माझ्या हाताखालच्या मुलाच्या कागदावर हेच लिहिलंय, आणि तो एकट्यानं दिवसाला तीस गाड्या काढतो.

सोमवारी भाचा तो कागद घेऊन माझ्याकडं येतोय. तुमच्यापैकी कुणाकडं डिस्पॅचच्या पदापुढं 'कुशल' असं लिहिलेलं नेमणूकपत्र असेल, तर नाव-पगार झाकून मला फोटो पाठवा. त्याला सोबत दाखवायला हवंय.